मंडप कारखान्याचा, प्रश्न सभासदाचा

सातारा-सांगलीकडच्या सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभेत बऱ्याचदा 'मंजूर, मंजूर'चा गजर होतो आणि ऊसदरावर प्रश्न विचारणाऱ्याला ऐकवलं जातं, 'आपल्याच संस्थेची बदनामी कशाला?' हा युक्तिवाद जरा तपासून बघा. सभासद तिथं पाहुणा नसतो, मालक असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ७५ हिशेब सभेपुढे ठेवायला लावतं. कलम ३२ सभासदाला ताळेबंद पाहू देतं. तेव्हा प्रश्न विचारणं हे सभेचं कामच आहे. शिष्टाचार एवढाच: अहवालाचं पान सांगायचं, आकडा सांगायचा, कुणाच्या घरादारावर जायचं नाही. आणि संशोधनासाठी इतिवृत्त वाचाल, तेव्हा 'एकमताने मंजूर' म्हणजे एकमत, असं धरू नका. कुणाला बोलू दिलं नाही, ते सभासदांनाच विचारा.