आमचं घर गरीब होतं का? निती आयोगाचा दारिद्र्य निर्देशांक वाचताना



मागच्या महिन्यात एका ज्युनिअरनं त्याची सिनॉप्सिस वाचायला पाठवली. विषय : 'दारिद्र्य व विषमतेचा शिक्षण, रोजगार आणि आरोग्यावर होणारा परिणाम : नागपूर जिल्ह्याचा अभ्यास'. असा विषय आपल्याकडे दर वर्षी कोणी ना कोणी घेतोच. दारिद्र्य मोजायला त्यानं निती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक घेतला होता. मी विचारलं, हाच का? तो म्हणाला, "दादा, सरकारी आहे, रेडिमेड आहे, गाईडही काही म्हणणार नाहीत."

उत्तर प्रामाणिक होतं, म्हणून मी अहवाल पुन्हा काढून वाचला. आजची पोस्ट त्या वाचनाबद्दल आहे. निर्देशांक वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तो काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे माहीत नसताना तो वापरू नये, एवढंच म्हणायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

आपल्याकडे दारिद्र्य बराच काळ पोटावरून मोजलं गेलं. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली माणशी रोज २२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च ही रेषा धरली. पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साठी शहरात माणशी महिना १००० रुपये ही रेषा आली. म्हणजे दिवसाला साधारण ३३ रुपये. त्यावर झालेला गदारोळ तुम्हाला आठवत असेल.

बहुआयामी निर्देशांक पैशाकडे पाहतच नाही. सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांच्या पद्धतीवर तो उभा आहे. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान असे तीन आयाम, प्रत्येकाला एक तृतीयांश वजन, आणि आत मिळून १२ निर्देशक. पोषण, शाळेची वर्षं आणि शाळेतली हजेरी यांना प्रत्येकी १/६. बालमृत्यू आणि गरोदरपणातली काळजी यांना प्रत्येकी १/१२. इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, वस्तू आणि बँक खातं या सातांना प्रत्येकी १/२१. घराच्या वंचिततेची बेरीज एक तृतीयांश किंवा जास्त झाली, तर त्या घरातली सगळी माणसं गरीब धरायची.

२०२३ च्या अहवालाप्रमाणे देशातलं हे प्रमाण २०१५-१६ मधल्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आलं. महाराष्ट्राचा आकडा ७.८१ टक्के.

आता आमच्या घराचा हिशोब

कुठलाही निर्देशांक समजून घ्यायचा तर तो ओळखीच्या घरावर लावून पाहायचा, असं मी ज्युनिअर्सना नेहमी सांगतो. म्हणून कागद घेऊन बसलो आणि २०१० सालचं उत्तर नागपुरातलं आमचं घर भरलं. घरात चौघं : आई, बाबा, ताई आणि आठवीतला मी.

वीज होती. नळ होता. खाली फरशी, वर स्लॅब. गॅस होता. टीव्ही आणि सायकल होती, म्हणजे वस्तूंचा निर्देशकही पास. बाबांचं बँकेत खातं होतं. बाबा सातवी पास, म्हणून शाळेची वर्षं पास, कारण घरात दहा वर्षांवरच्या एकाही माणसानं सहा वर्षं पूर्ण केली असतील तर पुरतं. मी शाळेत जात होतो, म्हणून हजेरी पास. फक्त शौचालय शेजारच्यांसोबत सामाईक होतं, त्याचे १/२१.

एकूण वंचितता १/२१. गरीब ठरायला याच्या सातपट लागते. म्हणजे आम्ही गरीब नव्हतो, जवळपाससुद्धा नव्हतो.

आता कागदावर काय आलं नाही ते पाहा. बाबांचा छोटा कारखाना बंद पडून सात-आठ वर्षं झाली होती. ते रोज सकाळी ठिय्यावर जायचे. आठवड्यात तीन-चार दिवस काम मिळायचं, बाकी दिवस डबा तसाच परत यायचा. त्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनचं कर्ज फेडायला आम्हाला चार वर्षं लागली. आईचं हिमोग्लोबिन आठच्या वर गेलं नाही, पण निर्देशांकात पोषण म्हणजे मुलांची वाढ आणि मोठ्यांचा बीएमआय. अॅनिमिया त्यात नाही. आणि ताई. ताईनं नववीत शाळा सोडली आणि शिलाईच्या कामाला बसली, कारण दोघांची फी आणि पुस्तकं जमत नव्हती. हजेरीचा निर्देशक आठवी संपण्याच्या वयापर्यंतच पाहतो, त्यामुळे ती दिसतच नाही.

आज मी एम. एस्सी. करून पीएच.डी. करतोय. 'शाळेची वर्षं' या रकान्यात माझी पदवी ताईच्याही नावावर पास म्हणून लागते. हे लिहिताना बरं वाटलं नाही, पण पद्धत तशीच आहे.

चार हरकती

पहिली : रोजगार गायब आहे. बारा निर्देशकांत कामधंद्याचा एकही नाही. याचं कारण मात्र समजून घ्या. या पद्धतीत सगळे निर्देशक एकाच घराबद्दल लागतात. माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची आहे आणि त्यात कामाचे प्रश्न नमुन्याच्या छोट्या भागालाच विचारतात. रोजगाराचं सर्वेक्षण वेगळं, त्यातली घरं वेगळी. म्हणजे ही अडचण डेटाची आहे, पण परिणाम मोठा होतो. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि या शतकाच्या सुरुवातीला कायमची बंद झाली. गिरणी बंद झाल्यावर कामगाराच्या घरातली वीज, फरशी, टीव्ही, बँक खातं लगेच जात नाही. पगार जातो. या निर्देशांकाला तो धक्का कळतच नाही.

दुसरी : घर हे एकक आहे. घरातली विषमता त्यात विरघळते. ताई आणि मी एकाच छपराखाली होतो, पण दोघांना सारखं मिळालं नाही. शीर्षकात 'विषमता' लिहिणाऱ्यानं हे विशेष लक्षात ठेवावं, कारण हा निर्देशांक वंचितता मोजतो, विषमता नाही.

तिसरी, आणि सिनॉप्सिससाठी सगळ्यात महत्त्वाची : शिक्षण आणि आरोग्य निर्देशांकाच्या आतच आहेत. मग 'दारिद्र्याचा शिक्षणावर परिणाम' काढायला एका बाजूला हा निर्देशांक आणि दुसऱ्या बाजूला शाळेची वर्षं ठेवली, तर संबंध निघणारच. तो आपणच आत घातला आहे. वजन आणि बीएमआय यांचा संबंध 'शोधून' काढण्यासारखं आहे ते. व्हायव्हात हा प्रश्न आला, तर उत्तर नाही.

चौथी : तारखा वाचा. पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ च्या उत्तरार्धात झालं, म्हणजे ७.८१ टक्के हा कोविडच्या आधीचा महाराष्ट्र आहे. जानेवारी २०२४ मध्ये आलेला '२४.८२ कोटी लोक दारिद्र्यातून बाहेर' हा आकडा तर २०१३-१४ आणि २०२२-२३ या वर्षांचा आहे, आणि या दोन्ही वर्षांचं सर्वेक्षणच नाही. आधीच्या फेऱ्यांमधला घटीचा वेग लावून ते अंदाज काढलेत. घट झालीच नाही असं मी म्हणत नाही. पण लॉकडाऊनच्या काळातही वेग तोच राहिला, हे तिथे सिद्ध केलेलं नाही, गृहीत धरलंय.

मग हा निर्देशांक टाकून द्यायचा का?

नाही. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायला तो चांगला आहे. पहिल्या अहवालात नंदुरबारमध्ये निम्म्याहून अधिक लोक बहुआयामी गरीब निघाले. राज्याच्या सरासरीखाली हे झाकलं गेलं असतं. शिवाय तो नुसती डोकी मोजत नाही, वंचिततेची तीव्रताही मोजतो : देशात गरिबांचं प्रमाण १४.९६ टक्के, तीव्रता ४४.३९ टक्के, आणि दोन्हींचा गुणाकार ०.०६६. गरीब माणसाची एक अडचण कमी झाली तरी आकडा हलतो. जुन्या रेषेत हे होत नव्हतं.

त्याची अडचण राहणीमानाच्या वरच्या टप्प्यावर आहे. आरोग्य आणि शिक्षण ठीक असेल, तर राहणीमानाचे सातही निर्देशक नापास झाल्याशिवाय घर गरीब ठरत नाही. नागपूरसारख्या शहरात असं घर क्वचितच सापडेल. शहरातली गरिबी अनियमित काम, कर्ज आणि दवाखान्याचं बिल या रूपात असते, आणि हे तिन्ही इथे नाहीत.

ज्युनिअरला मी काय सांगितलं

एक, 'परिणाम' हा शब्द काढ. एका वेळच्या सर्वेक्षणातून परिणाम सांगता येत नाही, संबंध सांगता येतो. दोन, तिन्ही गोष्टी एकदम घेऊ नको, एक घे. तीन, दारिद्र्याचं माप असं घे की ज्यात तुझा परिणामचल नसेल. शिक्षण पाहायचं असेल तर राहणीमानाचे निर्देशक किंवा खर्च घे. चार, दोन ठिय्यांवर जाऊन शंभर माणसांना विचार : गेल्या तीस दिवसांत किती दिवस काम मिळालं, आणि घरात शाळा कोणी सोडली, कितवीत.

त्यानं विषय बदलला. आता तो आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुलामुलींवर काम करणार आहे. गाईड आधी कुरकुरले, मग हो म्हणाले.

तुम्हीही एक करा. वरचे बारा निर्देशक कागदावर लिहा आणि दहा वर्षांपूर्वीचं तुमचं घर भरा. मग दुसऱ्या रकान्यात जे बसलं नाही ते लिहा. तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुतेक त्या दुसऱ्या रकान्यात असेल. मी माझा कागद ताईला दाखवला. तिनं वाचला आणि विचारलं, "मग माझं नाव कुठं आहे यात?"