अवतरणचिन्हांतील अस्पृश्यता

घटना समितीच्या वादविवादांचे खंड हे वाङ्मय आहे, असे आमच्या समीक्षकांना अजून वाटत नाही. कविता आणि आत्मकथने यांवर आपण पानेच्या पाने लिहिली. पण ज्या ग्रंथाने आपल्याला नागरिक केले, तो घडत असताना सभागृहात कोण काय बोलले, हे वाचण्याचे कष्ट आपण घेतले नाहीत. जयंतीला आपण उद्देशिका एका सुरात म्हणतो. मीही म्हणतो. पण म्हणणे वेगळे आणि वाचणे वेगळे.

येथे मी फक्त सतरावे कलम घेतो.

२९ एप्रिल १९४७. स्वातंत्र्य अजून यायचे होते. अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात नष्ट झाली, अशा आशयाचे कलम सरदार पटेलांनी मांडले. तेव्हा बंगालचे प्रमथरंजन ठाकूर उठले. नमःशूद्र समाजातला हा माणूस. ज्या बंगालने १९४६ मध्ये, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या खटपटीने, बाबासाहेबांना घटना समितीत पाठवले, त्याच बंगालचा. त्यांचा सवाल सरळ होता: जातिव्यवस्था न मोडता अस्पृश्यता कशी मोडणार? रोग जात आहे, अस्पृश्यता हे त्याचे लक्षण. पुढे आपल्या चळवळीने जे हजार सभांतून सांगितले, ते तिथे चार वाक्यांत सांगितले गेले होते. कलम मंजूर झाले. लक्षण नष्ट झाल्याचे जाहीर झाले. रोगाचे नाव कलमात आले नाही.

एकोणीस महिन्यांनी, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, तेच कलम पुन्हा सभागृहापुढे आले. के. टी. शहा यांनी अस्पृश्यतेची व्याख्या नसल्याकडे बोट दाखवले. विटाळ तर बाईच्या पाळीचाही मानतात, मग कलम नेमके कशाला लागू? नझिरुद्दीन अहमद यांनी धर्म आणि जात हे शब्द घालणारी दुरुस्ती आणली, पण तिच्यात शिक्षेची सक्ती सैल झाली होती. बाबासाहेबांनी दुरुस्ती नाकारली. शहांना उत्तर देणार काय, असे विचारताच ते फक्त ‘नाही’ म्हणाले. कलम मंजूर झाले आणि सभागृहात महात्मा गांधींचा जयजयकार झाला. या प्रसंगावर आपल्याकडे एकही नाटक नाही, याचे मला नवल वाटते.

ते ‘नाही’ कसे वाचायचे? बाबासाहेबांनी कारण दिले नाही, म्हणून हे माझे वाचन समजावे. ते सभागृह मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक आमदारांनी निवडले होते. त्याच्या हातून व्याख्या झाली असती, तर ती विहीर, देऊळ आणि हॉटेल एवढ्यावर थांबली असती. न बांधलेला शब्द पुढच्या पिढीला ताणता येतो. पण तोच शब्द फौजदाराला आणि न्यायाधीशालाही आकसता येतो. मूळ इंग्रजी कलमात हा शब्द अवतरणचिन्हांत आहे. पुढे म्हैसूरच्या उच्च न्यायालयाने ती चिन्हे वाचूनच ठरवले की, येथे शब्दशः अर्थ घ्यायचा नसून इतिहासात वाढलेली प्रथा घ्यायची आहे. १९५५ च्या कायद्यानेही व्याख्या केली नाही. मात्र पीडित अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे त्यात घातले. एवढे झाल्यावरही १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा करावा लागला.

आता आपल्या माणसांशी थोडे भांडतो. ‘बाबासाहेबांनी एकट्याने घटना लिहिली’ हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो, आणि त्या सभागृहाने केलेल्या तडजोडींचे ओझेही त्यांच्याच खांद्यावर टाकतो. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, हे त्यांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मागितले होते. घटनेत ते नाही. ही तफावत दाखवणे म्हणजे घटनेचा अवमान, असे जे कार्यकर्ते मला सांगतात, त्यांनी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहावेत.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात हे खंड आहेत. सातव्या खंडातली ती पाने मी यंदा वर्गात वाचून दाखवली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, शब्दाला अवतरणचिन्ह आहे, पण ‘नष्ट’ला का नाही?”