केरिस: जपणं म्हणजे काय?

आज मी उदाहरण घेतलं आहे जावा बेटावरच्या खंजिराचं. त्याचं नाव केरिस. युरोपीय लोक त्याला क्रिस म्हणत आले. जगभरच्या संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत हे खंजीर मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यावर जाडजूड सूचिग्रंथ निघाले आहेत. माझी तक्रार अशी की या ग्रंथांतून केरिसची पुष्कळ माहिती मिळते, पण केरिस 'जपणं' म्हणजे काय, हे मात्र उलटंच समजतं.

आधी वस्तू पाहू. केरिसचं पातं मुठीजवळ एका बाजूला जास्त पसरलेलं असतं. काही पाती सरळ, काही नागमोडी. आणि नागमोडी असेल तर वळणांची संख्या विषम. साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड यांचे थर एकत्र ठोकून, घड्या घालून पातं घडवतात. त्यातून जी नक्षी उमटते तिला 'पामोर' म्हणतात. एका पामोरचं नाव आहे 'सांडलेला तांदूळ', म्हणजे घरात बरकत. घडवणारा लोहार तो 'एम्पू'. मध्य जावातल्या सुकुह मंदिरात पंधराव्या शतकातलं एक शिल्प आहे. त्यात भीम पातं घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे आणि मध्ये गणपती नाचतो आहे. आपल्याला हे बघून आनंद होतो, होऊ द्या. पण "म्हणजे हे आपलंच की" असं म्हणून विषय संपवणं हा निव्वळ आळस. आपल्याकडे गणपती लोहारशाळेत नाचत नाही. तो तिथे का नाचतो, हा खरा प्रश्न.

आता मुद्द्याकडे येतो. पिढ्यानपिढ्या चालत आलेला केरिस म्हणजे 'पुसाका', घराण्याचा ठेवा. जावाच्या पंचांगातला पहिला महिना सुरो, म्हणजे मोहरमचा. त्या महिन्यात असे केरिस विधिपूर्वक धुतात. लिंबाच्या रसाने पातं स्वच्छ करायचं, मग सोमल आणि लिंबाचा रस यांचा लेप. लोखंड काळं पडतं, निकेल चमकतं, नक्षी पुन्हा दिसू लागते. पण आम्ल ते आम्लच! दर धुण्यात लोखंड थोडं खाल्लं जातं. म्हणून जुनी पाती बघा, कडा कुरतडल्यासारख्या, अंग पातळ झालेलं.

इथे दोन विचार समोरासमोर येतात. संग्रहालय म्हणतं, हात लावू नका, आहे तसं राहू द्या. जावातलं घर म्हणतं, हात लावला नाही तर ती हेळसांड. एकासाठी जपणं म्हणजे झीज थांबवणं, दुसऱ्यासाठी झीज पत्करून नातं चालू ठेवणं.

तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं: असं धूत राहिलात तर एक दिवस पातं संपेल, मग काय जपलं? प्रश्न खरा आहे. जावाकडे त्याचं एक उत्तर आहे. पूज्य केरिसवरून नवा केरिस घडवतात, त्याला म्हणतात 'पुत्रन'. शब्द ओळखीचा वाटतो ना? पुत्रच तो. संग्राहक ज्याला नक्कल म्हणून खालच्या रांगेत ठेवील, ते तिथे अपत्य आहे. मात्र नवं पातं आम्लात बुडवून मजापहित काळातलं म्हणून विकायचं, ही फसवणूक. तो पुत्र नव्हे, तोतया.

नातं तुटलं की काय होतं? जावातल्या १८२५ ते १८३० च्या युद्धात डचांशी लढलेला राजपुत्र दिपोनगोरो. त्याचा केरिस नेदरलँड्सला गेला, पुढे लायडनच्या संग्रहालयात आला. पातं शाबूत राहिलं, पण ते कोणाचं, हेच हरवलं. कागद एकीकडे, वस्तू दुसरीकडे. २०२० साली तो इंडोनेशियाला परत दिला, तेव्हाही हाच का तो, यावर जाणकारांत वाद झाला. गंज लागला नाही, विस्मरण लागलं.

पण म्हणून संग्राहकांना सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला मान्य नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर एम्पूंची विद्या जवळजवळ विझली होती. सत्तरच्या दशकात डीट्रिख ड्रेशर नावाच्या एका जर्मन केरिसप्रेमीने योग्यकर्ताजवळच्या एम्पू घराण्याला पुन्हा भट्टी पेटवायला उद्युक्त केलं. त्याने जुनं पातं विकत घेण्यापेक्षा नवं पातं घडतं का, हे विचारलं. २००५ मध्ये युनेस्कोने केरिसला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. शब्द नीट ऐका, अमूर्त. लोखंडाचा खंजीर, आणि वारसा अमूर्त!

तेव्हा संग्रह जरूर करा. सूचीत लांबी लिहा, वळणं मोजा, काळ ठरवा. फक्त एक रकाना वाढवा: ही वस्तू आपल्याकडून काय मागते? तो रकाना कोरा ठेवावा लागत असेल, तर आपण केरिस मिळवलेला नाही. नुसतं लोखंड मिळवलं आहे.

आता प्रश्न घेऊ.