तानाजी : नावातले तान्हे बाळ

मराठी मुलाला ‘तानाजी’ हे नाव प्रथम भेटते ते बहुधा चौथीच्या ‘शिवछत्रपती’ या पुस्तकात, आणि भेटते ते सिंहासकट. गड येतो, सिंह जातो, धडा संपतो. पुढे आयुष्यभर हे नाव ऐकले की घोरपड, दोर, तुटलेली ढाल आणि डोळ्यांत पाणी आलेले महाराज, एवढे डोळ्यांपुढे उभे राहते. नावाचा अर्थ काय, हे आपण कधी विचारत नाही. अर्थ उघड असतानाही विचारत नाही, हे विशेष.

तान्हा म्हणजे अंगावर पिणारे मूल. तान्हे बाळ, तान्हुला, तान्ह्या लेकराची आई, विदर्भातला पोरांचा तान्हा पोळा ही सारी त्याच शब्दाची गोतावळ. तानाजी हे तान्हाजीचे सैल झालेले रूप. बोलताना ‘न्ह’मधला ह गळतो, हे मराठीला नवे नाही. कान्होबाचा कानोबा होतो, उन्हाळ्याचा उनाळा होतो, पुन्हाचे पुना होते. तसाच तान्हाजीचा तानाजी झाला. सिंहगडाच्या कड्यावर चढून गेलेल्या वीराचे नाव अक्षरशः ‘अंगावर पिणारे बाळ’ असे आहे. मराठी वाङ्मयाने या नावाचे काय केले, हे या लेखात पाहायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : सिंहाच्या गर्जनेत हे बाळ हरवले, आणि बाळाबरोबर कथेतला सर्वांत जिवंत भागही हरवला.

आधी नावाच्या घडणीकडे पाहू. जुन्या मराठी पुरुषनावांत दोन मोठे घरगुती वर्ग दिसतात. एक नजर लागू नये म्हणून ठेवलेल्या नावांचा : धोंडिबा, दगडू, केरू, भिकाजी. मूल जगत नसेल तर त्याला दगड म्हणायचे, केर म्हणायचे, म्हणजे मृत्यू त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाही. दुसरा वर्ग लाडाच्या नावांचा : बाळाजी, सोनाजी, तान्हाजी. घरात बाळाला ज्या शब्दाने हाक मारायची तोच शब्द पाळण्यातून उचलून त्याला ‘जी’ जोडायचा आणि माणसाला गावात उभे करायचे. ‘तान्हा’ हा आईचा शब्द, ‘जी’ हा गावाचा. दोन्ही एका नावात नांदतात, हीच या नावाची गोडी. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धनचा एक बाळाजी पुढे पेशवा झाला, तेव्हा त्याच्या नावातले बाळ कोणाला खटकले नाही. अर्थात बाळाजीला देवाच्या नावाचाही आधार आहे. तान्हाजीला तोही नाही. त्याच्यामागे आहे ती फक्त आईची मांडी.

असे नाव आपल्याकडेच आहे असे नाही. स्कँडिनेव्हियातले स्वेन हे जुने पुरुषनाव घ्या. त्याचा मूळ अर्थ ‘पोरगा’. सेवेला असलेला पोऱ्या असाही. १०१३ मध्ये इंग्लंड जिंकणारा डेन्मार्कचा राजा स्वेन हेच नाव लावीत होता, आणि तिबेट धुंडाळणारा स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिन हाही त्याच नावाचा. पोरगा म्हणवणाऱ्याने राज्य जिंकावे यात त्या लोकांना विसंगती वाटली नाही. नाव माणसाबरोबर मोठे होते, पण मूळचे कोवळेपण आत शिल्लक ठेवते.

आता वाङ्मयाकडे वळू. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त तानाजी आपल्याला सिंहगडावर नव्हे तर संगमेश्वरच्या लढाईत भेटतो. बरोबरचा पिलाजी नीळकंठ पळू लागतो, तेव्हा तानाजी त्याला धरून आणतो, दगडाला दोराने बांधून ठेवतो आणि आपण लढतो. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. तानाजीच्या कथेतला पहिला दोर कड्यावर चढण्यासाठी नाही, पळणाऱ्याला जागेवर ठेवण्यासाठी आहे.

सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस लिहिली गेली. तीत कोंडाण्याचा प्रसंग मोजक्या वाक्यांत येतो. तानाजी गड घेण्याचे कबूल करतो, गड चढतो, उदेभानाशी झुंजतो, दोघेही पडतात; मग भाऊ सूर्याजी काम पुरे करतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, वार्ता ऐकून महाराज जे बोलतात त्यात सिंह नाही. एक गड हाती आला आणि एक गड गेला, असा त्या उद्गाराचा आशय आहे. तानाजीला तिथे गडाची उपमा आहे, जनावराची नाही. गड म्हणजे आसरा, ज्याच्या पोटात माणसे राहतात. सिंह एकटा असतो. उपमा बदलली की माणूसही बदलतो. आणि १६७० च्या या लढाईवरून गडाला ‘सिंहगड’ नाव पडले हेही खरे नाही. ते नाव त्याआधीच्या पत्रव्यवहारात सापडते. सिंह गडाच्या नावात आधीपासूनच होता. तो तिथून उतरून तानाजीवर बसला.

तुळशीदास शाहिराचा पोवाडा हा मात्र या नावाला सर्वांत जवळचा. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेल्या संग्रहामुळे तो सुशिक्षितांपर्यंत पोचला. इतिहास म्हणून तो वाचायला गेले तर पदोपदी अडखळायला होते. उदेभानाच्या अठरा बायका, चंद्रावळी हत्ती, सिद्दी हिलाल यांना दप्तरात जागा नाही. पण पोवाड्याची रचना पाहा. कथा सुरू होते ती पोलादपूरच्या डोक्यावर उभ्या असलेल्या प्रतापगडावर, एका आईच्या नजरेतून. जिजाबाई लांबवर सिंहगड पाहतात, मुलाला बोलावून घेतात, सोंगट्यांचा डाव मांडतात आणि पणात गड मागतात. तिथून निरोप जातो तानाजीच्या घरी, आणि तिथे मुलाच्या लग्नाची गडबड चाललेली. त्या घरात ऐंशी वर्षांचा मामा आहे, भाऊ आहे, रायबा आहे. शेलारमामाचे तर स्वतःचे नावही लोकांना ठाऊक नाही. तो सगळ्यांचा मामाच. आई, मुलगा, मामा, भाऊ, नवरदेव : पोवाड्यातले सगळे जग नात्यांचे आहे, आणि त्यात ‘तान्हा’ हे नाव अगदी घरच्यासारखे बसते. लग्न पुढे ढकलून गडाला आधी अक्षता देणारे ते प्रसिद्ध वाक्य याच जगात शोभते, कारण गडही तिथे सोयरिकीच्या भाषेतच बोलला जातो.

हरिभाऊ आपट्यांनी १९०३ च्या कादंबरीला ‘गड आला पण सिंह गेला’ हे नाव दिले आणि सिंह कायमचा पक्का केला. हरिभाऊंची ताकद मोठी. सती जायला निघालेली कमलकुमारी आणि तिला पळवून नेणारा उदयभानू हे कथानक त्यांनी उभे केले, त्यामुळे गड घेण्याला नैतिक निकड आली. पण ज्या कथेचे मूळ आईच्या मागणीत होते, तिचे मूळ आता खलपुरुषाच्या पापात गेले. त्याने तानाजी उंच झाला आणि थोडा परकाही झाला. बाबूराव पेंटरांचा १९२३ चा मूकपट आणि ‘प्रभात’चा १९३३ चा बोलपट, दोन्ही ‘सिंहगड’ याच नावाने आले.

२०२० च्या जानेवारीत आलेल्या ओम राऊत यांच्या हिंदी चित्रपटाची गंमत वेगळी. तो जाहीर झाला ‘तानाजी’ म्हणून, पडद्यावर आला ‘तान्हाजी’ होऊन. गळालेला ह परत मिळाला याचा मराठी कानाला आनंद व्हावा. पण हिंदी श्रोत्याला तान्ह्यात बाळ ऐकू येत नाही, आणि चित्रपटालाही ते ऐकायचे नव्हते. घर त्यात आहे, पत्नी आहे, रायबाचे लग्न आहे. मात्र ते सारे नायकाने सोडून निघावे यासाठी मांडलेले. शिवाय उपशीर्षकात त्याला ‘अनसंग’, म्हणजे ज्याचे गाणे कोणी गायिले नाही असा वीर म्हटले. ज्याच्यावरचा पोवाडा मराठीतल्या सर्वांत गाजलेल्या पोवाड्यांपैकी एक, त्याला हे विशेषण लावणे म्हणजे आपल्याच शाहिरांना मुके ठरवणे होय. चित्रपट देखणा असेल, लोकप्रिय तर होताच. परंतु अक्षर परत आणून अर्थ बाहेर ठेवण्याचा हा प्रकार मला खटकतो.

या सर्व रूपांतरांतून टिकून राहिलेला एक क्षण मात्र नावाच्या अर्थाला थेट भिडतो. तानाजी पडतो, मावळे दोरांकडे धावतात, आणि सूर्याजी त्यांना अडवतो : तुमचा बाप इथे मरून पडला आहे आणि तुम्ही पळता? पाळण्यात तान्हा, रणात बाप. एका माणसाचे अख्खे आयुष्य या दोन शब्दांमध्ये मावते. सिंहाची इथे गरज काय?

याच क्षणाचे एक जुने रूप ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात आहे, आणि ते आपण सहसा सांगत नाही. तिथे सूर्याजी विचारतो की, आपल्या बापाचा देह महारांनी खड्ड्यात लोटावा, हे तुमच्यापैकी कोणाला चालेल? पाठ्यपुस्तकाने हा भाग गाळला, ते मुलांच्या दृष्टीने योग्यच. समीक्षेला मात्र तो गाळता येत नाही. नात्यांचे जे ऊबदार जग मी पोवाड्यात पाहिले, त्याला कुंपण होते, आणि कुंपणाबाहेर कोण उभे होते हे या एका वाक्यात दिसते.

म्हणून महाड-पोलादपुराचा विचार केल्याशिवाय हे नाव पुरे वाचता येत नाही, असे मला वाटते. उमरठला तानाजीची समाधी आहे, शेजारी शेलारमामाची. सिंहगडावरून देह घरी आणला तो केळदकडून महाडच्या बाजूला उतरणाऱ्या मढे घाटाने, असे सांगतात, आणि घाटाचे नावही त्या मढ्यावरूनच पडले, असे मानतात. व्युत्पत्ती म्हणून हे कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न. पण लोकांनी कथेचा शेवट गडावर होऊ दिला नाही, तो घाट उतरवून घरापर्यंत आणला, हे महत्त्वाचे. कादंबरी सिंहापाशी थांबते. लोकस्मृती घरी परतते.

आणि याच महाडात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. त्या सत्याग्रहाच्या कार्यकर्त्यांची नावे पाहा : रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी तुकाराम गायकवाड. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, जवळच्याच मंडणगड तालुक्यातले. वडील रामजी, आजोबा मालोजी. शिवाजी महाराजांच्या आजोबांचे नावही मालोजीच. म्हणजे ‘जी’ लावलेली ही नावे कोणा एका जातीची मिरास नव्हती. पाळण्यात नाव सगळ्यांना सारखे मिळे. फरक पडे तो हाकेत. एकाच तानाजीला तानाजीराव म्हणायचे, तानबा म्हणायचे, ताना म्हणायचे की तान्या, हे त्याचे घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे त्यावर ठरे. नाव आई ठेवते, पण ‘जी’ राखणे न राखणे गावाच्या हाती असते. महाडचा लढा पाण्याचा होता तितकाच या ‘जी’चाही होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

नाव धारण करणारे आजही आहेत. हिंगोलीचे आमदार तानाजी मुटकुले, परंड्याचे तानाजी सावंत, ‘सैराट’मध्ये परश्याचा मित्र झालेले तानाजी गलगुंडे. मुंबईत मानखुर्दला नौदलाचे ठाणे आहे, त्याचेही नाव आयएनएस तानाजी. महाड तालुक्यातल्या किंजळोलीचा मुरारबाजी देशपांडे पुरंदरावर तितक्याच शौर्याने पडला, पण त्याचे नाव मुलांना ठेवले गेल्याचे सहसा आढळत नाही. तानाजी मात्र गावोगाव झाले. मला याचे कारण वीरतेत दिसत नाही. मुरारबाजी हे त्या एका पुरुषाचे नाव राहिले. तानाजी हे कोणत्याही आईने कोणत्याही बाळाला आधीच मारलेल्या हाकेचे नाव होते. सिंहगडाने त्याला कीर्ती दिली, जन्म दिला नाही.

तानूबाई, तानीबाई ही जवळची स्त्रीनावेही होती. ‘दीनबंधू’ पत्र चालवणाऱ्या तानूबाई बिर्जे या संपादिकेला तर आपण नुकतेच कुठे आठवू लागलो आहोत. त्यांच्यामागे सिंह नव्हता, एवढाच काय तो फरक.

वीराला उपमा द्यावी की नाही, हा वाद मी घालत नाही. उपमा नावाला गिळते तेव्हा काय जाते, एवढेच दाखवायचे होते. सिंह म्हटले की मरणे सोपे होते. सिंह मरण्यासाठीच गोष्टीत येतो. तान्हा म्हटले की त्याला वाढवणारी माणसे दिसू लागतात, लग्नाचा थांबलेला मांडव दिसतो, आणि घाट उतरून येणाऱ्यांच्या खांद्यावर नेमके काय आहे हे कळते. कथा तीच, पण ती ऐकायला थोडी अवघड होते. चांगल्या कथेने तसेच व्हावे.