एका दाढीचे परीक्षण

बँकेतल्या माणसानं समीक्षा लिहू नये असा कुठं नियम नाही. मला तर वाटतं, कारकून आणि समीक्षक यांचा धंदा एकच. दोघंही स्वतः काही निर्माण करत नाहीत. दुसऱ्यानं आणून दिलेलं कपाटातल्या नमुन्याशी ताडून बघतात आणि जुळलं नाही की चष्म्यावरून बघत परत करतात. फरक एवढाच, की समीक्षकाची चूक झाली तर ती त्याच्या पगारातून वळती होत नाही.

तेव्हा वीस वर्षं सह्या ताडण्याच्या अनुभवावर मी हे परीक्षण लिहितो आहे. परीक्षणासाठी घेतलेली कृती म्हणजे माझी स्वतःची दाढी. वय महिने चार, पाने बरीच, किंमत पुढे कळेल.

प्रथम या कृतीची निर्मितीप्रक्रिया. थोर कलाकृती आतल्या खळबळीतून जन्माला येते म्हणतात. माझी हनुवटीवरच्या पुरळातून आली. 2024 च्या जुलैत डॉक्टरांनी सांगितलं, "तीन आठवडे ब्लेड लावू नका." मी लावलं नाही. पहिल्या आठवड्यात मी आजारी दिसलो, दुसऱ्यात फरारी दिसलो आणि तिसऱ्यात, माझ्या मते, विचारवंत दिसू लागलो. सौ.चं मत वेगळं होतं. ती म्हणाली, "अहो, पुरळ बरी होती. ती निदान झाकून ठेवता येत होती."

आता परंपरेचा आढावा घेतल्याशिवाय परीक्षण पुरं होत नाही. मराठी दाढीची परंपरा मोठी आहे. महर्षी कर्वे 104 वर्षं जगले आणि त्यांच्या पांढऱ्या दाढीकडं बघून कुणालाही वाटावं की एवढं काम करायचं तर रोज आरशासमोर उभं राहायला वेळ कुठला? विनोबांची दाढी देशभर पायी हिंडली. गाडगेबाबांच्या दाढीला कुणी कधी आकार देत बसलं असेल असं वाटत नाही. त्यांनी झाडू गावावर चालवला, गालावर नाही. या अभिजात दाढ्यांचं लक्षण एकच : त्या ठेवलेल्या नव्हत्या, राहिलेल्या होत्या.

नव्या पिढीचं तसं नाही. आमच्या बार्शीत कुठल्याही चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. मधे उत्सवमूर्ती, भोवती पंचवीस शुभेच्छुक आणि सव्वीस जणांची मिळून दाढी एकच! गालावर पट्टी लावून आखल्यासारखी रेघ, हनुवटीखाली टोक. 2018 च्या 'केजीएफ'नं आणि 2021 च्या 'पुष्पा'नं राहिलेले गालही भरून टाकले. समीक्षेच्या भाषेत याला अनुकरण म्हणतात. बँकेच्या भाषेत एकाच सहीचे सव्वीस चेक म्हणतात. पण हे लिहिताना मी कोऱ्या मनाचा होतो असं नाही. मीही गुपचूप ऑनलाइन ट्रिमर मागवला होता.

ट्रिमर आला तो चार कंगव्यांसकट. पहिल्या रविवारी आंघोळ करून, ओल्या दाढीवर, सगळ्यात बारीक कंगवा चढवून मी संपादनाला बसलो. कंगवा नीट बसला नव्हता. डाव्या जबड्याखाली तो निसटला आणि जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा एका क्षणात लख्ख झाली. ती जुळवून घ्यायला उजवीकडं थोडं कमी केलं. मग उजवीकडं जास्त कमी झालं म्हणून पुन्हा डावीकडं. ताळेबंद जुळवताना हीच चूक नवशिक्या कारकुनाकडून होते, आणि मी तर बी.कॉम.! चिरंजीव दाराशी उभे राहून म्हणाले, "पप्पा, दोन्ही बाजूंचा फरक शून्य झाला की दाढीच शून्य होणार." मुलाचं गणित चांगलं आहे, हे त्या दिवशी कळलं.

शेवटी तात्यांकडं गेलो. तात्यांचं सलून भगवंत मंदिराच्या वाटेवर आहे. चाळीस वर्षं हात चालतो आहे. भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर, तिच्याखाली तुरटीचा खडा, आणि नवं ब्लेड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मोडून वस्तऱ्यात बसवण्याची शिस्त. तात्यांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडं वळवली. इतक्या गांभीर्यानं माझ्या कुठल्याही लेखाकडं आजवर कुणी बघितलेलं नाही.

"कुणी केलं हे?" तात्या.

"मीच."

"ओल्यावर केलं?"

"हो."

"साहेब, ओला केस लांब दिसतो. वाळला की आखडतो. कापायचं ते कोरड्यावर. अन् आधी मोठा कंगवा, मग बारीक. काढलेलं परत लावता येत नाही."

मराठी लेखकांसाठी याहून चांगला उपदेश मी कुठल्या समीक्षाग्रंथात वाचलेला नाही. पुढच्या अर्ध्या तासात तात्यांनी मला दाढीचं शास्त्र सांगितलं. पहिला महिनाभर तिला हातच लावायचा नाही, कारण सगळे केस एका वेगानं येत नाहीत आणि विरळ जागा मागून भरते. खालची रेघ कंठमण्याच्या वर दोन बोटं ठेवायची. जबड्यावर चढवली तर दुहेरी हनुवटी उघडी पडते. गालावरची रेघ जिथं निसर्गानं काढली तिथंच ठेवायची, फक्त बाहेर भटकलेले केस टिपायचे. मिशी ओठावर येऊ द्यायची नाही, नाहीतर चहा दोघांत वाटला जातो. रात्री दोन थेंब खोबरेल, आणि ते केसांना नव्हे, खालच्या कातडीला.

सेना महाराजांची तसबीर समोर होती म्हणून मला आठवलं. त्यांच्या अभंगात आरसा विवेकाचा आहे आणि चिमटा वैराग्याचा. स्वतःच्या धंद्याची हत्यारं घेऊन त्यांनी माणसाच्या अहंकाराची हजामत मांडली. संतवाङ्मयातली ही मला सगळ्यात जवळची समीक्षा वाटते, कारण तिच्यात समीक्षक उंच आसनावर बसत नाही. तो उभा असतो, खुर्चीत समोरचा बसतो.

मी हे तात्यांना ऐकवलं. तात्या गप्प राहिले. मग कात्री थांबवून म्हणाले, "साहेब, एक विचारू? मागच्या साली तुमच्या बँकेतनं एक म्हातारबाबा इथं आले होते. रेल्वेतले. त्यांना तुम्हीच पाठवलं होतं का?"

आता या परीक्षणाचा तो भाग आला, जो मला गाळता आला असता.

2023 चा नोव्हेंबर. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना, त्यात दिवाळी तोंडावर, म्हणजे काउंटरसमोर शेपूट थेट दारापर्यंत. त्यात एक म्हातारे गँगमन उभे होते. आमची बार्शी लाइट, 1897 साली सुरू झालेली, अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. तिच्या रुळांवर त्यांची उमर गेलेली. दाखला द्यायचा होता आणि सणासाठी पैसे काढायचे होते. अंगठ्याचा ठसा यंत्र घेईना. पहारी आणि खडीनं बोटांवरच्या रेषा कधीच पुसून टाकल्या होत्या. मी पासबुकातला फोटो बघितला : तुळतुळीत चेहरा. समोर बघितलं : भरगच्च वाढलेली पांढरी दाढी. आणि मी, विनोदी लेखक, शेपटाला ऐकू जाईल असं म्हणालो, "आजोबा, तुम्ही नका येऊ. फोटोतल्या माणसाला पाठवून द्या."

शेपूट हसलं. म्हातारेही हसले. माझा हा विनोद मी दोन ठिकाणी पुन्हा सांगितलाही आहे.

दुसऱ्या दिवशी ते तुळतुळीत होऊन आले. फोटो जुळला, पैसे दिले, दाखला घेतला. काम नियमात बसलं.

"चातुर्मास होता त्यांचा," तात्या सांगत होते. "आषाढीला केस सोडले की कार्तिकी झाल्यावरच काढायचे. तरुणपणापासनंचा नेम. कार्तिकी पंधरा दिवसांवर होती. मी म्हणलं, बाबा, पंधरा दिवसांसाठी कशाला मोडताय, मी येतो बँकेत सांगायला. तर म्हणले, नको, सायेब लोकांला कशाला तरास."

तात्यांनी पुन्हा कात्री चालू केली. मी आरशात बघत होतो. दुकानातला साधा आरसा, विवेकाचा वगैरे नव्हे.

1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी ठरवलं होतं, की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. कुठल्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, हे ज्यांचं पोट वस्तऱ्यावर त्यांना कळलं होतं. माझ्या हातात वस्तरा नव्हता, नुसतं पासबुक होतं. समोर पेन्शनचे कागद होते, जुनी सही होती, गावातली चार माणसं ओळख द्यायला उभी होती. एक प्रश्न विचारला असता तर भागलं असतं : आजोबा, दाढी कशाची? पण प्रश्न विचारण्यापेक्षा विनोद करणं सोपं असतं. आम्हा समीक्षकांचंही बहुधा असंच होतं. कृती नमुन्याशी जुळली नाही की ती अशी का आहे हे कृतीलाच विचारायचं आम्ही विसरतो.

मी मनाशी ठरवलं, की यंदा ते आले की आपण होऊन उठायचं. मोबाइलवर चेहऱ्यावरून हयातीचा दाखला घेण्याची सोय 2021 पासून आहे. त्यात बोट लागत नाही. तेवढ्यावर नाही भागलं तर मी स्वतः मॅनेजरसाहेबांपुढं उभा राहीन. दाढीसकट दाखला. सगळी तयारी झाली.

भाऊबीज झाली आणि पुढच्या चार दिवसांत ते आले. कार्तिकी आठवड्यावर होती. मी लांबूनच ओळखलं, कारण ते हुबेहूब फोटोसारखे दिसत होते. गुळगुळीत.

"यंदा आधीच करून आलो सायेब," पासबुक सरकवत ते म्हणाले. "उगं तुमाला मागल्यावानी तरास नको."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडं गेलं. तात्यांनी कोरलेली, कोरड्यावर कापलेली, कंठमण्यावर दोन बोटं राखलेली माझी दाढी त्यांनी कौतुकानं निरखली. तिच्यावरचं एवढं प्रेमळ परीक्षण दुसऱ्या कुणी केलेलं नाही. मग ते दोन्ही हात जोडून म्हणाले,

"तुमी धरला व्हय चातुर्मास? लई ब्येस केलं!"

शेपूट मागं उभं होतं. मी शिक्का मारला.

"उचलला."