हिरव्या तलावाचे चार खुलासे

२०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओ द जानेरो येथे ऑलिंपिक सामने चालू असताना, ९ तारखेला, तेथील मारिया लेंक जलक्रीडा केंद्रातला डायव्हिंगचा तलाव हिरवा झाला. शेजारचा वॉटरपोलोचा तलाव तेव्हा निळाच होता. दुसऱ्या दिवशी तोही हिरवट पडला. जगाने ते दूरदर्शनवर पाहिले, थट्टा केली आणि विसरून गेले. विज्ञान शिकवणाऱ्यांनी मात्र ही घटना विसरू नये. कारण पाण्याइतकेच गढूळ होते ते संयोजकांनी चार-पाच दिवसांत केलेले खुलासे. एक खुलासा अपुरा पडला की दुसरा पुढे येई, आणि आरोग्याला धोका नाही हे आश्वासन प्रत्येकाबरोबर असे.

पहिला खुलासा शेवाळाचा. हवेत उष्मा होता, वारा नव्हता, म्हणून शेवाळ वाढले. हे चूक म्हणता येत नाही, पण त्याला स्पष्टीकरणही म्हणता येत नाही. उघड्यावरच्या प्रत्येक तलावावर ऊन पडते आणि शेवाळाच्या सूक्ष्म पेशी वाऱ्याबरोबर प्रत्येक तलावात येऊन पडतात. एरवी क्लोरीन त्यांना वाढू देत नाही. मग या आठवड्यात क्लोरीन कुठे गेला? खरा प्रश्न हा होता, आणि त्याला बगल दिली गेली.

दुसरा खुलासा अल्कता अचानक घटल्याचा. पाण्यातील बायकार्बोनेटमुळे सामू एकदम वरखाली होत नाही. अल्कता घटली की हा आधार जातो, एवढेच. त्यामुळे पाणी हिरवे का व्हावे? आम्लधर्मी झालेल्या पाण्यात नळांतील तांबे विरघळले, तर हिरवट छटा येऊ शकते. पण मग आदल्या दिवशीचे शेवाळ कुठे गेले? दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत आणि त्या ओळखायला शाळेतील साधनेही पुरतात. पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, आणि पेलाभर पाण्यातून अंधारात विजेरीचा झोत सोडा. शेवाळ असेल तर पेशी दिसतील आणि झोताचा मार्ग उजळेल. विरघळलेल्या तांब्याने यातले काहीच होणार नाही.

तिसरा खुलासा जागतिक जलतरण महासंघाचा, म्हणजे तेव्हाच्या 'फिना'चा. पाणी शुद्ध करण्याची काही रसायने संपली आणि सामू नेहमीच्या मर्यादेबाहेर गेला, असे त्यांनी सांगितले. निदान यात कारण आणि परिणाम यांचा धागा तरी दिसतो. क्लोरीन पाण्यात गेला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू व शेवाळ मारण्याचे काम मुख्यतः तेच करते. सामू ७.२ असताना मुक्त क्लोरीनपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग या रूपात असतो, ७.५ ला साधारण निम्मा, ८ ला जेमतेम चौथा हिस्सा. मोजणीत क्लोरीन तेवढाच दिसतो, पण त्याचा जोर ओसरलेला असतो. आपल्याकडे विहिरीत टीसीएल पावडर टाकून पाण्याला पिवळा रंग आला की समाधान मानले जाते, तिथेही सामू कोणी विचारत नाही.

चौथा खुलासा १३ तारखेला आला. ५ ऑगस्टला, म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी, पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले होते! पेरॉक्साइडही जंतुनाशक आणि क्लोरीनही जंतुनाशक, पण एकत्र आले की ते एकमेकांना संपवतात. त्यातून ऑक्सिजन निघून जातो आणि मागे निरुपद्रवी क्लोराइड उरते.

लाखो लिटर पाण्यात ८० लिटरांनी असे काय होणार, असे विद्यार्थी नक्की विचारतील. त्यांना फळ्यावर हिशोब करू द्या. द्रावण ३५ टक्क्यांचे धरू. ८० लिटरांचे वजन सुमारे ९० किलो, त्यात शुद्ध पेरॉक्साइड ३२ किलो. ३४ ग्रॅम पेरॉक्साइड ७१ ग्रॅम क्लोरीन संपवते, म्हणजे ३२ किलो सुमारे ६७ किलो संपवील. तलावात ३७ लाख लिटर पाणी धरले, तर हे लिटरमागे १८ मिलिग्रॅम झाले. तलावात क्लोरीन ठेवतात तो लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम! द्रावण १० टक्क्यांचेच असते तरी साडेचार मिलिग्रॅमची सोय होती. शिवाय उरलेले पेरॉक्साइड नंतर घातलेला क्लोरीनही खात राहते. चार दिवसांत शेवाळ दिसू लागावे यात नवल नाही.

म्हणूनच प्रवक्ते मारिओ आंद्रादा यांचे एक विधान मला सर्वांत खटकते. रसायनशास्त्र हे काटेकोर शास्त्र नव्हे, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. वरचा हिशोब दहावी-बारावीचा मुलगा करू शकतो. काटेकोरपणा कमी पडला तो पिंप उघडणाऱ्याच्या आणि त्यावर देखरेख करणाऱ्याच्या कामात. त्याचे खापर शास्त्रावर फोडले गेले आणि ते विधान जगभर जसेच्या तसे छापले गेले. आपल्या वर्गातही फसलेल्या प्रयोगाला 'कधीकधी असे होते' म्हणून झाकले जाते; ती सवय याच जातीची.

पाणी लवकरच निळे होईल, हे आश्वासनही घाईचे होते. क्लोरीनने शेवाळ मरते, पण मेलेल्या पेशी पाण्यातच तरंगतात आणि हिरवे पाणी दुधी-गढूळ होते. ते निवळते गाळणीने, आणि गाळणीला वेळ लागतो. गाळलेले पाणी तलावातल्या पाण्यात सतत मिसळत असते. त्यामुळे तलावभर पाणी एकदा गाळणीतून गेले, तरी ३७ टक्के गढूळपणा उरतो. दुसऱ्या फेरीनंतर १४ टक्के, तिसरीनंतर ५. हीसुद्धा गाळणी एकही कण सोडत नाही असे धरून.

तालबद्ध जलतरणात खेळाडूंना पाण्याखाली एकमेकींना पाहावे लागते. तेवढा वेळ हाताशी नव्हता. अखेर त्या तलावातले पाणी काढून टाकून सरावाच्या तलावातले सुमारे ३७ लाख २५ हजार लिटर स्वच्छ पाणी त्यात भरले गेले. माझ्या मते त्या आठवड्यातला हा सर्वांत शहाणा निर्णय. डायव्हिंगच्या तलावातले पाणी मात्र तेच राहिले, आणि स्पर्धकांनी हिरव्या पाण्यातच सूर मारले.