लॉगनचं ऑक्सफर्ड : हे पाहतंय कोण?

मंडळी, पडद्यावर आता जी चित्रं पाहिलीत ती डेव्हिड लॉगनची. जन्म डान्झिगचा. १६६९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याला आपला अधिकृत चित्रकोरक नेमलं आणि १६७५ मध्ये त्याचा ‘ऑक्सोनिया इलुस्ट्राटा’ हा ग्रंथ निघाला.

बहुतेक कॉलेजं त्याने वरून दाखवली आहेत. दरवाजा, चौक, प्रार्थनामंदिर, मागची बाग, बागेतले वाफेसुद्धा. आता विचार करा, माणूस बलूनमधून वर गेला तो १७८३ मध्ये. म्हणजे हे दृश्य लॉगनसकट कुणीच पाहिलेलं नव्हतं! जमिनीवरून पाहायचं, मनात वर चढायचं, आणि छाप उलटा उमटतो म्हणून तांब्याच्या पत्र्यावर सगळं उलटं काढायचं. कारागिरीपुढे आम्ही हात जोडतो.

पण हा डोळा कुणाचा? विद्यार्थ्याचा नक्कीच नाही. आम्ही आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, आमची इमारत वरून कधी पाहिली नाही. आम्हाला ठाऊक होते ते झिजलेले जिने आणि दुपारी उन्हं येणारा एक वर्ग. लॉगनकडे प्रत्येक खिडकी सारखीच महत्त्वाची. सावली आहे, पण भिंतीची बाजू कळावी एवढ्यापुरती. तत्त्वज्ञानात ज्याला ‘कुठूनच न पाहणं’ म्हणतात, ते इथे वाटतं खरं. पण आमच्या मते हा मालकाचा डोळा आहे. आपली मिळकत कुठून कुठवर, ते पाहणारा. पोशाखांचं पान बघा ना, तिथे माणसंही झग्यांच्या दर्जानुसार मांडली आहेत.

इतपत आम्ही ठामपणे बोलत आलो. मग क्वीन्स कॉलेजचं पान समोर येतं आणि पंचाईत होते. ते मध्ययुगीन बांधकाम अठराव्या शतकात पाडून नवं उभारलं. जुनं कसं होतं हे विचारायला आज आपण लॉगनकडेच जातो. त्याने विद्यार्थ्यासारखा एकच कोपरा जिव्हाळ्याने काढला असता, तर बाकीचं कॉलेज गेलंच असतं की! पुढे टर्नरने ऑक्सफर्डच्या वार्षिक पंचांगासाठी चित्रं केली, ती जेम्स बसायरने कोरली. तिथे पायाखाली जमीन असते, हवा असते. आम्हाला तीच अधिक आवडतात. पण पाडलेली भिंत शोधायची झाली तर हात लॉगनच्याच ग्रंथाकडे जातो, हे कबूल केलं पाहिजे.

आता जरा क्वीन्सचं पान पुन्हा लावा. मोठं करा. अजून. चौकातली ती मुंगीएवढी माणसं दिसली?